चलच्चित्राचा गोषवारा

रेखाटलेल्या चलच्चित्राचा गोषवारा यंत्राने आपोआप काढून चार-दोन स्थिर चित्रांत वाचकापुढे ठेवावा, ही खटपट अलीकडची होय. परंतु कोणते चित्र ठेवावे व कोणते गाळावे, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न या कलेइतकाच जुना आहे, असे आम्हांस वाटते.

विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराने १९१४ साली ‘गर्टी’ नामक डायनोसॉरचा खेळ रंगभूमीवर आणला. हाती चाबूक घेऊन तो पडद्याशेजारी उभा राही व आज्ञा करी. गर्टी ती कधी पाळी, कधी हट्टास पेटे. यासाठी हजारो चित्रे काढावी लागली. पण मॅके ती ओळीने काढीत नसे. हालचालीतील प्रमुख अवस्था तो आधी रेखाटी, मग दोहोंच्या मधली, पुन्हा त्यांच्या मधली, असे अंतर भरीत जाई. पुढे मोठ्या चित्रशाळांतून मुख्य चित्रकाराने प्रमुख अवस्था काढावयाच्या व साहाय्यकांनी मधल्या भरावयाच्या, अशी वाटणीच झाली. म्हणजे गोषवारा आधी, विस्तार मागून!

यंत्र उलट वाटेने जाते. लगतच्या चित्रांतील रंगच्छटांचे प्रमाण ते ताडून पाहते. फरक एकाएकी वाढला की दृश्य पालटले असे समजते. सारख्या चित्रांचे गट पाडून प्रत्येकातून एक प्रतिनिधी उचलते. पुनरावृत्ती गाळण्यास ही रीत उत्तम. परंतु गर्टीचा सारा खेळ एकाच देखाव्यापुढे चालतो; तेथे दृश्य पालटण्याची वाट पाहणाऱ्या यंत्राच्या हाती एकच चित्र लागावयाचे. बरे, हालचाल मोजावी, तर गर्टी मॅमथास सरोवरात भिरकावते तो क्षण सापडेल. मात्र धनी रागावताच ती रडू लागते, त्या अश्रूंना शाई ती किती लागणार? मोजमापात ते क्षुल्लक ठरतात. आणि प्रेक्षकाचे मन तर तेथेच गुंतते.

संग्रहालयांतील असंख्य चित्रपट कोणीही अथपासून इतिपर्यंत पाहू शकत नाही. तेथे यंत्राचे साह्य घेणे प्राप्तच आहे. पण ज्याचा गोषवारा नीरस, ते चित्र उघडून पाहण्यास कोण धजणार? म्हणून यंत्राने निवडावे, परंतु शेवटचा हात चित्रकाराच्या जाणत्या डोळ्याचा असावा. किती बदलले हे यंत्र सांगेल. काय बदलले हे माणसानेच सांगितले पाहिजे.