नाडीची रेषा

रक्तदाबाचा इतिहास म्हणजे दंडावरील पट्ट्याचा इतिहास, अशी समजूत रूढ आहे. नोकरीवर रुजू होताना वा विम्याचा अर्ज भरताना तो पट्टा आवळून घेतलेल्या आम्हां दिल्लीतील कारकून मंडळींची तर ती विशेषच. परंतु इटलीच्या रिवा-रोच्ची याने तो पट्टा १८९६ साली पुढे आणला, त्याच्या चोवीस वर्षे आधीच लंडनच्या गाय रुग्णालयातील एका विद्यार्थ्याने धमनीतील ताण कागदावर उमटविला होता. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर महंमद.

नाव वाचून वाचक थबकतील, आणि ते योग्यच आहे. त्याचे आजोबा दीन महंमद हे मूळचे पाटण्याचे. कंपनीच्या बंगाल फौजेतून ते विलायतेस गेले, १८१० साली लंडनात त्यांनी हिंदुस्थानी उपाहारगृह काढले. ते बुडाल्यावर ब्रायटनला स्नानगृह उघडून त्यांनी साहेबलोकांस आपल्या चंपीची गोडी लावली. ‘शँपू’ हा शब्द तिचाच सगासोयरा!

आमच्या शार्ङ्गधरसंहितेने नाडीच्या गतीस सर्प, बेडूक, हंस यांच्या उपमा दिल्या आहेत. ते ज्ञान वैद्याच्या बोटांत राहते. फ्रान्सच्या मारेने १८६० साली मनगटावर तरफ बसवून नाडीची रेषा काजळलेल्या कागदावर उतरविली. महंमदाने त्या यंत्रात धमनीवरील दाब मोजण्याची सोय केली. १८७२ पासून त्याने जे दाखविले ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होते. मूत्रपिंड बिघडल्यामुळे ताण वाढतो असे मानीत; त्याला मूत्रात दोष दिसण्यापूर्वीच, किंबहुना निरोगी दिसणाऱ्या माणसांतही, ताणलेली नाडी आढळली. वयाने ताठरलेल्या धमनीची रेषाही त्याने वेगळी ओळखली.

या रेषेमागचे गणित असे. हृदयाच्या ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीतून एक लाट धावते. लवचीक भिंतीत ती सावकाश जाते आणि दूरच्या फाट्यांवरून परतते तेव्हा हृदय विसावलेले असते. ताठर भिंतीत ती लवकर परतते व अजून रक्त लोटीत असलेल्या हृदयावर नवा भार टाकते. १८७८ साली मोएन्स व कोर्टवेग या दोघा डच शास्त्रज्ञांनी सूत्र मांडले: भिंत जितकी ताठर व जाड, तितका लाटेचा वेग अधिक.

महंमद १८८४ साली विषमज्वराने वारला. वय पस्तीस; म्हणजे आमच्याच बरोबरीचा. पुढे पट्टा आला, १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्हने त्याला ऐकण्याची जोड दिली, आणि रेषा अडगळीत पडली. कारण आम्हांस कचेरीतल्या अनुभवाने कळते: दोन आकडे रकान्यात बसतात, रेषेचा आकार बसत नाही. पण सारखेच आकडे असलेल्या दोघांच्या धमन्या सारख्याच असतील असे नाही, ही गोष्ट त्या रकान्यात हरवली.

ती परत मिळावयास बराच काळ लागला. १९८६ साली पिन्योली व त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी धमनीच्या भिंतीची जाडी मोजून दाखविली. मानेपासून जांघेपर्यंतच्या लाटेचा वेगही मोजू लागले. २०१३ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने सेकंदास १० मीटरहून अधिक वेग हे धमनीच्या हानीचे चिन्ह मानले. जाडीचे नशीब तितके थोर नव्हते. त्याच वर्षी अमेरिकन हृदयतज्ज्ञांनी, व्यक्तीचा धोका ठरविताना ती सरसकट मोजू नये, असा निर्णय दिला.