दुखावलेला देह व व्यायामोपचार



हाड मोडले अथवा सांधा मुरगळला म्हणजे घरातील वडीलधारी माणसे पहिला उपदेश करतात तो असा, "हलू नकोस, स्वस्थ पडून राहा." हा उपदेश मायेचा असतो आणि आरंभीच्या दिवसांत तो पुष्कळ अंशी खराही असतो. परंतु विश्रांती कोठे संपवावी व हालचालीस कोठे प्रारंभ करावा, हा वैद्यकातील फार जुना प्रश्न आहे. त्या प्रश्नाच्या इतिहासाची थोडी ओळख आज करून देण्याचा मानस आहे.

मी जन्मभर शाळामास्तर; वैद्य नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो स्वतःच्या एका चुकीमुळे. माझ्या वर्गात खो-खो उत्तम खेळणारा एक मुलगा होता. पडून त्याचे मनगट मोडले. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी बोटे व मनगट रोज थोडे थोडे हलविण्यास सांगितले; पण त्यास दुखे आणि त्याच्या आईला ते पाहवत नसे. तिने माझा सल्ला विचारला. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "आणखी महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवा. घाई कशाला?" महिना सरला. हाड पक्के सांधले होते, पण मूठ वळत नव्हती. लेखणी पूर्वीसारखी धरता येण्यास पुढे वर्ष लागले, आणि शाळेतले आपले अखेरचे सामने त्याने मैदानाच्या कडेला बसून पाहिले.

त्या हाताविषयी जे मला ठाऊक नव्हते, ते सुश्रुतास ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नांचा, म्हणजे मोडलेल्या हाडांचा, स्वतंत्र अध्याय आहे. झाडाच्या सालीच्या व बांबूच्या पट्ट्यांनी हाड कसे स्थिर करावे, बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी कसा बदलावा, हे तेथे सांगितले आहे. बंध सैल राहिला तर हाड स्थिर राहत नाही, फार आवळला तर सूज व वेदना होतात, असा इशाराही आहे. पण मला विशेष वाटते ते पुढेच. हाताचे हाड सांधल्यानंतर रोग्याने प्रथम मऊ गोळा मुठीत धरावा आणि हातात बळ येऊ लागले की दगड धरावा, असे ग्रंथकार सांगतो. भार क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याचे तत्त्व यात स्पष्ट आहे. निरोग्यासाठीही त्याच ग्रंथात माप आहे : व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा.

ग्रीक वैद्यांनाही ही दृष्टी होती. हिपोक्रेटिसच्या नावावरील लेखनात सैल सांधा घट्ट करावयास व आखडलेला मोकळा करावयास मर्दनाचा उपयोग सांगितला आहे. पुढे गेलेन हा पर्गमम् नगरीत इ. स. १५७ पासून द्वंद्वयोद्ध्यांचा वैद्य होता. आखाड्यातील जखमी मल्लास पुन्हा उभे करणे हेच त्याचे काम होते.

अर्वाचीन काळी या विद्येस शाळेचे रूप दिले ते स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग याने. हा गृहस्थ तलवारबाजीचा शिक्षक होता. त्या व्यायामाने आपला दुखरा हात सुधारला, असा त्यास अनुभव आला आणि इ. स. १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे त्याने व्यायामविद्येची संस्था स्थापिली. रोग्याने स्वतः करावयाच्या हालचाली, उपचारकाने त्याच्याकडून करवून घ्यावयाच्या हालचाली आणि विरोध करून करावयाच्या हालचाली असे प्रकार तेथे शिकविले जात. लंडन येथे मर्दनाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांचा बोभाटा झाला, तेव्हा १८९४ मध्ये काही परिचारिकांनी शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. तिचेच रूपांतर होत होत १९४४ मध्ये तिच्या नावात 'फिजिओथेरपी' हा शब्द आला.

तथापि शल्यवैद्यांमध्ये वाद होताच. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांचा आग्रह असा की, दुखावलेल्या सांध्यास सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांती द्यावी. त्यांनी योजिलेल्या चौकटीने पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या पुष्कळ सैनिकांचे प्राण वाचविले. तेव्हा हा आग्रह निराधार नव्हता. उलट पॅरिसचे ल्यूका-शांपिओनिएर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगत होते की, मर्दन व हालचाल लवकर सुरू करावी, नाहीतर हाड जुळते पण अवयव निकामी होतो. आज मागे पाहता दिसते ते असे की, दोघेही आपापल्या वेळेपुरते खरे होते. हाड ठिकाणावर राहावयास स्थैर्य हवे. स्नायू व सांधे जिवंत राहावयास हालचाल हवी.

मग हालचाल किती, याचे माप दुसऱ्या महायुद्धात मिळाले. शिकागो येथील लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतीने मांडी वाळलेले सैनिक महिनोन् महिने खितपत पडत. तरुण वैद्य टॉमस डीलॉर्म यांनी स्वतः लहानपणीच्या आजारातून उठताना वजने उचलली होती. प्रचलित रीत हलक्या भाराने पुष्कळ आवर्तने करण्याची. त्यांनी भार वाढविला व आवर्तने कमी केली. इ. स. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ मध्ये तिचे रूप असे ठरले : जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते पूर्ण माप धरावे, आधी त्याच्या निम्म्याने दहा वेळा, मग पाऊणपटीने, मग पूर्ण वजनाने. बळ वाढले की माप वाढवावे. सुश्रुताचा गोळा व दगड येथे लोखंडाच्या चकत्या होऊन आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आज खेळाडू शक्ती वाढविण्यासाठी जी वजने उचलतात, त्यांच्या पद्धतीवर रुग्णालयातील या प्रयोगाचा मोठा ठसा आहे.

इंग्लंडात याच सुमारास, १९४४ मध्ये, लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या दुखापतीने पांगळे झालेल्या सैनिकांची शुश्रूषा हाती घेतली. त्यापूर्वी अशा रोग्यांची आशाच सोडली जात असे. गुटमन यांनी त्यांस खेळावयास लाविले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकच्या प्रारंभदिनी, सोळा रोग्यांनी चाकांच्या खुर्च्यांवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्या परंपरेत आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला हा मुष्टियोद्धा सैनिक उपचार म्हणून पोहू लागला, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. मुंबईतही के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये या विद्येची शाळा निघाली होती.

एवढे होऊनही जुना मोह सुटत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी खेळाडूंच्या दुखापतीस विश्रांती, बर्फ, दाब व अवयव उंच ठेवणे असे चार उपाय सांगितले. ते जगभर रूढ झाले. पुढे त्यांनीच मान्य केले की, बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास विलंब लागू शकतो.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. हालचाल केव्हा व किती करावी, हे वैद्यांस व व्यायामोपचार जाणणाऱ्यांस विचारावे, आपल्या मनाने घाई करू नये; पण त्यांनी सांगितलेली हालचाल मायेपोटी थांबवूही नये. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईने मला विचारले तेव्हा उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. मी गप्प बसलो असतो, तर त्या मुलाचे वर्ष वाचले असते.