नाव लंडनचे, हात बर्मिंगहॅमचे : 'आर्मी अँड नेव्ही'ची शिकारी रायफल कशी वाचावी?

१/ मुंबईत काळा घोडा परिसरात, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि जुन्या वॉटसन हॉटेलच्या दरम्यान, 'आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग' नावाची एक देखणी इमारत उभी आहे. नावात लष्कर आहे, आरमारही आहे. पण ही वास्तू कधी छावणी नव्हती की शस्त्रागार नव्हते. ते एक दुकान होते. या दुकानाचे नाव कोरलेल्या शिकारी रायफली आजही जुन्या संग्रहांत आणि लिलावांत दिसतात. हा धागा त्या रायफलींविषयी आहे.

२/ अशा रायफलीच्या नळीवर साधारणतः 'आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.' अशी इंग्रजी अक्षरे आणि लंडनचा पत्ता असतो. ती पाहून दोन चुका हमखास होतात. कोणी तिला लष्करी हत्यार समजतो, तर कोणी दुकानाचे नाव पाहून 'बाजारू माल' म्हणून बाजूला सारतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. मग ती खरोखर कोणी घडवली? याचे उत्तर त्याच रायफलीवर लिहिलेले असते, फक्त ते शोधावे लागते.

३/ प्रथम दुकानाची कथा. १८७१ मध्ये काही ब्रिटिश लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन एक सहकारी संस्था काढली. घाऊक दराने चांगली वाइन मिळावी, एवढाच मूळ विचार होता. १८७२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर १०५ क्रमांकाच्या जागेत दुकान सुरू झाले. 'सी.एस.एल.' म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. खरेदीचा हक्क केवळ सभासदांना, म्हणजे प्रामुख्याने अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांना होता. सर्वसामान्यांसाठी दार उघडले ते १९१८ मध्ये.

४/ ग्राहक जिथे, तिथे दुकान. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा मोठा वर्ग हिंदुस्थानात होता. म्हणून १८९१ मध्ये मुंबईत आणि १९०१ मध्ये कलकत्त्यात शाखा निघाल्या. संस्थेची मालाची यादी म्हणजे एक जाडजूड ग्रंथच असे. तंबू, खोगीर, औषधे, कपडे, बंदुका, सारे त्यात असे. १९०७ सालची यादी १९६९ मध्ये पुस्तकरूपाने पुन्हा छापली गेली आणि आज ती त्या काळाच्या भौतिक जीवनाचे एक मोलाचे साधन मानली जाते.

५/ संस्था बंदुका विकत असे. त्या घडवण्याचे काम मात्र बहुतांशी इतरांचे असे. माल मुख्यतः बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून येई. त्यांत वेब्ली हे नाव अग्रभागी होते. १८९७ मध्ये वेब्ली, स्कॉट आणि एलिस या घराण्यांचे एकत्रीकरण होऊन 'वेब्ली अँड स्कॉट' ही कंपनी झाली. ती स्वतःच्या नावाने बंदुका विकत असे आणि दुसऱ्यांच्या नावानेही घडवून देत असे.

६/ बर्मिंगहॅमच्या 'गन क्वार्टर' या वस्तीत एकच माणूस संपूर्ण बंदूक क्वचितच बनवी. नळी ओढणारा वेगळा, घोड्याची यंत्रणा कानशीने घासून बसवणारा वेगळा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरणारा वेगळा, नक्षीकाम करणारा आणखी वेगळा. अर्धवट घडलेली बंदूक या गल्लीतून त्या गल्लीत फिरत असे. अखेरीस तिच्यावर नाव पडे ते विक्रेत्याचे.

७/ ही फसवणूक होती का? त्या व्यापाराच्या रीतीने पाहता नव्हती. नामांकित घराणीही बाहेरचे भाग वापरत. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. नाव लंडनच्या रिग्बीचे. पण तिची यंत्रणा जर्मनीतल्या माउझरची होती. तेव्हा नळीवरचे नाव हे बहुधा जबाबदारी घेणाऱ्याचे नाव असते. घडवणाऱ्याचे नाव हवे असेल, तर दुसरीकडे पाहावे लागते.

८/ आता वाचनाला सुरुवात. पहिली खूण : नाव आणि पत्ता. १९३४ मध्ये संस्थेचे नाव 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड' असे झाले. त्यामुळे 'सी.एस.एल.' अक्षरे असलेली रायफल सामान्यतः त्याआधीची. चामडी पेटीच्या आतल्या लेबलवर मुंबईचा उल्लेख असेल, तर ते लेबल १८९१ च्या आधीचे नसणार. कलकत्ता असेल, तर १९०१ च्या आधीचे नसणार. मात्र पेटी बदलता येते. म्हणून लेबल हा दुय्यम पुरावा.

९/ दुसरी खूण : प्रूफचे ठसे. ब्रिटनमध्ये प्रत्येक नळीची सक्तीने चाचणी होई. नेहमीपेक्षा जास्त दाब देणारा बार भरून नळी उडवली जाई. टिकली तरच ठसा. ही चाचणी घेणारी दोन केंद्रे होती. एक लंडनला, १६३७ ची सनद लाभलेल्या बंदूककारांच्या संघाचे. दुसरे बर्मिंगहॅमला, १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेले. प्रत्येकाचे ठसे वेगळे.

१०/ हे ठसे दर्शनी भागावर नसतात. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, की त्यांच्या तळाच्या सपाट भागावर ते दिसतात. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशात मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि बारीक अक्षरे असतात. १९०४ पासून ही पद्धत बदलली आणि मुकुटाखाली 'बी.पी.', 'बी.व्ही.', 'एन.पी.' अशा अर्थाची रोमन अक्षरे आली. म्हणजे एका ठशावरून गावही कळते आणि काळाची सीमारेषाही.

११/ आणि इथेच रायफल आपले पहिले गुपित सांगते. वर डौलदार अक्षरांत 'वेस्टमिन्स्टर, लंडन'. खाली तळाशी बर्मिंगहॅमचा राजदंड. वरची ओळ ग्राहकासाठी कोरलेली, खालची कायद्यासाठी ठोकलेली. मात्र उलट निष्कर्ष काढू नये : लंडनचा ठसा आढळला, म्हणून ती लंडनलाच घडली असे ठरत नाही. बर्मिंगहॅमचा मालही लंडनला चाचणीसाठी जाऊ शकत असे.

१२/ तिसरी खूण : यंत्रणा. दुनळी रायफलींत बहुधा 'अँसन-डीली' पद्धतीची पेटीवजा यंत्रणा आढळते. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील विल्यम अँसन आणि जॉन डीली यांनी तिचे पेटंट घेतले. घोडे बाहेर न दिसता आत बसवलेले, आणि नळ्या उघडताच आपोआप चढणारे. नळ्यांच्या मागे वेब्लीची 'स्क्रू ग्रिप' नावाची जादा पकड दिसली, तर दुकानाच्या नावामागचा कारखाना बराचसा उघड झाला असे समजावे.

१३/ चौथी खूण सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याशी जीव बांधलेला आहे. काही नळ्यांवर 'कॉर्डाइट' हा शब्द आणि पुढे ७०–४८० असे आकडे असतात. अर्थ : ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी, हीच कमाल मर्यादा. ग्रॅममध्ये सांगायचे तर सुमारे साडेचार ग्रॅम दारू आणि ३१ ग्रॅम शिसे. कॉर्डाइट म्हणजे १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी सिद्ध केलेली धूरविरहित दारू.

१४/ हा ठसा का पाहायचा? १८९८ च्या सुमारास रिग्बीने .४५० चे जुने, काळ्या दारूचे सव्वातीन इंची काडतूसच घेतले आणि त्यात कॉर्डाइट भरला. बाहेरून काडतूस तेच, आतला दाब मात्र कितीतरी अधिक. परिणामी नवे काडतूस जुन्या, काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीत सहज बसते. बसते म्हणून उडवले, तर नळी फुटून उडवणाऱ्याचाच घात होऊ शकतो. दोन रायफलींमधला हा जीवघेणा फरक सांगणारी सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे तो छोटासा ठसा.

१५/ त्याच आकड्यांत कारागिरीचाही पत्ता आहे. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या एकाच जागी नेम साधाव्यात म्हणून त्या समांतर न ठेवता किंचित एकमेकींकडे झुकवून डाखाने जोडतात. कारागीर ठरावीक बार भरून गोळ्या झाडी, डाख वितळवी, नळ्या केसभर हलवी, पुन्हा झाडी. दोन्ही गोळ्या शेजारी पडेपर्यंत हे चाले. त्यामुळे प्रत्येक दुनळी तिच्या ठरलेल्या बारालाच एकनिष्ठ असते. या कामाला मोजदाद नसे आणि सही नसे.

१६/ पाचवी खूण : कॅलिबर, आणि त्यात दडलेले राजकारण. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे आणण्यास मनाई केली. कारण भीतीचे होते. जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोअरही .४५० होता. शिकारीची गोळी बंडखोराच्या हाती पडली, तर ती सरकारी सैन्यावरच उलटेल, ही धास्ती होती.

१७/ मग बंदूककारांनी पळवाट काढली. .५००/.४६५, .४७०, .४७६ अशी किंचित निराळ्या मापाची काडतुसे बाजारात आली. ताकद जवळपास तीच, माप मात्र मनाईच्या कक्षेबाहेर. तेव्हा .४७० ची रायफल बहुधा या मनाईच्या सुमाराची किंवा त्यानंतरची असते. आणि हिंदुस्थानात वापरलेली.४५० ची रायफल बहुधा त्या मनाईपूर्वी आलेली असते. साम्राज्याच्या मनातली शंका अशी एका शिकारी काडतुसाच्या व्यासात मोजता येते.

१८/ ही शंका जुनीच होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवान्याची सक्ती केली, तर युरोपियनांना त्यातून सूट दिली. काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. मुंबईतल्या त्या दुकानाची दुनळी म्हणूनच केवळ शिकारीची वस्तू नव्हती. ती कोणाच्या खांद्यावर सहज दिसे आणि कोणाला त्यासाठी अर्ज करावा लागे, हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे.

१९/ पुढची पायरी कागदपत्रांची. १९७३ मध्ये 'हाउस ऑफ फ्रेझर'ने हा व्यवसाय घेतला आणि त्या समूहाची कागदपत्रे ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. आर्मी अँड नेव्हीच्या बंदुकांच्या नोंदवह्याही त्यांत येतात. रायफलीचा क्रमांक जुळला, तर तर्काला आधार मिळतो. क्रमांक घासला गेला असेल, तर हा धागा तिथेच तुटतो.

२०/ म्हणून अशा वस्तूची पहिली सेवा म्हणजे तिला 'नवी' न करणे. पॉलिशच्या चाकावर एकदा धरली, की ठसे बुजतात, नक्षी पुसट होते आणि शंभर वर्षांचा पुरावा काही मिनिटांत नाहीसा होतो. दस्त्यावर हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेली जागा, पट्ट्याच्या कडीने पाडलेला चरा, हीसुद्धा नोंदच आहे. ओळख पटवण्याचे काम परवानाधारक आणि जाणकार बंदूककाराच्या उपस्थितीतच व्हावे.

२१/ कायदाही विसरता कामा नये. केवळ जुनी आहे म्हणून बंदूक परवान्यातून सुटत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तू म्हणून सवलत आहे, पण ती कोणत्याही प्रकारे, दुरुस्ती करूनही, उडवता न येणाऱ्या शस्त्रांसाठी. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या रायफलींचे मूळ प्रयोजनच संपले. वाघांच्या देशात वाघ वाचवण्याची वेळ आली, त्यात या दुनळींचाही वाटा होता. त्यांचे कौतुक करताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

२२/ तात्पर्य सोपे आहे. नावाने भारावून जाऊ नये आणि नावामुळे नाकारूही नये. वस्तू उलटी करून तिचा तळ पाहावा. नळीवरचे दुकान सर्वांना दिसते. तळाचा ठसा, डाखाची रेघ, दस्त्याचा सांधा पाहणाऱ्याला दिसतो. ज्या कारागिराने डाख वितळवून दोन नळ्यांचा नेम जुळवला, त्याचे नाव कुठेच कोरलेले नाही. पण त्या दोन गोळ्या अजूनही शेजारी पडत असतील, तर त्याचे काम आजही उभे आहे.