पाय मोकळे झाले, पण रोजीचे काय?

मित्रहो, आमच्या खापरखेड्यात वीज केंद्राच्या चिमण्यांखाली नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : परमनंट की ठेक्यावर? जवळच्या कामठीत फुटबॉलचे भारी वेड. तिकडच्या मैदानांवर खेळणारा आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा मध्यंतरी माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, करार संपला, तरी क्लब ना हरकत पत्र देत नाही. मी काय त्यांचा बैल आहे?"

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आपल्याकडे पूर्वी फुटबॉल म्हणजे नोकरी. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, रेल्वे यांचे संघ असत. पी. के. बॅनर्जींसारखा थोर खेळाडू कलकत्त्याच्या बड्या क्लबांकडे न जाता ईस्टर्न रेल्वेकडेच राहिला आणि त्या संघाने १९५८ साली कलकत्ता लीग जिंकली. नोकरीचा दावा गळ्यात असे, पण महिन्याचा पगार आणि म्हातारपणाची सोय त्याच खुंटीला बांधलेली असे.

युरोपात खुंटी होती, सोय मात्र नव्हती. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनचा लिएज क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला. नव्या करारात क्लबने पगार पार कमी करून देऊ केला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचे होते. पण पैशांच्या मागणीवरून ते फिसकटले. बोस्मन कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला त्याच संघातल्या दुसऱ्या देशात जायचे असेल, तर जुन्या क्लबला त्याच्यापोटी पैसे मागता येणार नाहीत. खेळाडू हाही कामगारच आहे, हे त्या दिवशी ठसठशीतपणे मान्य झाले. पुढे बड्या खेळाडूंचे पगार आभाळाला भिडले. बोस्मनची स्वतःची कारकीर्द मात्र खटल्यातच खर्ची पडली.

आपल्याकडे तर १८७२च्या करार कायद्यातले कलम २७च सांगते की, कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कुणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला हेच कलम उपयोगी पडले. जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा करार होता. तो संपल्यावरही नव्या कंपनीकडे जाण्याआधी आम्हाला संधी दे, अशी अट त्यात होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट त्याच्यावर लादू दिली नाही. करार चालू असेतो तो पाळावा लागतो. संपल्यावर माणूस मोकळा.

पण मोकळे पाय म्हणजे भरलेले ताट नव्हे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. विजेतेपदाची ढालही संघ वाचवू शकली नाही. जुन्या कंपनी-संघातला नोकरदार खेळाडू गोल करायचा थांबला तरी हजेरीपटावर असे. करारावरच्या खेळाडूचा संघ गेला की दुसरे दार शोधणे आले.

त्या पोराला मी म्हणालो, "बेटा, तू बैल नाहीस. पण सही करण्याआधी कागद वाच. मुदत कधी संपते, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार, संघ बुडाला तर पगाराचे काय, हे आधी विचार." तो हसला. म्हणाला, "चाचा, एवढं विचारलं तर संघात घेतील का?"

मित्रहो, कायद्याने त्याचे पाय सोडवले आहेत. हा प्रश्न न घाबरता विचारता यावा, एवढे बळ त्याला कोण देणार?