बारा तारखेची वही

1937 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स मॅज, टॉम हॅरिसन आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी 'मास ऑब्झर्वेशन' नावाचे काम सुरू केले. दर महिन्याच्या बारा तारखेला सामान्य माणसांनी उठल्यापासून झोपेपर्यंतचे सगळे लिहून पाठवायचे. 12 मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. वर्तमानपत्रांनी राजा लिहिला, या लोकांनी आपला दिवस लिहिला. नेला लास्ट या गृहिणीने 1939 पासून लिहिलेली रोजनिशी आज युद्धकाळाच्या इतिहासाचे साधन आहे.

आपल्याकडे नोंदी झाल्याच नाहीत असे नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. त्या प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड 1916 साली निघाले. त्यात कापूस पिंजणारे बहना आहेत, भाजी विकणारे कुंजडाही आहेत. पण बोलतो तो साहेब. पुढच्याच वर्षी डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची शेती आणि कर्जे मोजली. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. अलीकडे महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या स्थितीवर महमूदुर रहमान समिती 2008 मध्ये नेमली गेली, 2013 मध्ये अहवाल आला. टक्केवारी हवीच, तिच्याशिवाय हक्क मागता येत नाही. पण आज घरात काय शिजले आणि कुणी उपाशी झोपले का, हे तिला कळत नाही.

मी कळमन्याच्या मुलांना उर्दू-मराठी शिकवतो. यांतल्या बऱ्याच मुलांचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, संत्र्याच्या हंगामात रात्रीच घर सोडतात. 12 फेब्रुवारीला नववीला सांगितले, आजचा दिवस लिहा. दुसऱ्या दिवशी एका आईचा निरोप आला, "सर, ये लिखा हुआ किसके पास जाएगा?" प्रश्न रास्त होता. आपल्या वस्तीत कागद घेऊन येणाऱ्याला आधी हेच विचारतात. इंग्लंडच्या त्या संग्रहातही लिहिणाऱ्यांची नावे झाकलेली असत. मी कळवले, वही तुमच्याच पेटीत राहील. मुलीला वाटेल तेवढेच ती वर्गात वाचेल.

मार्चमध्ये तिने दीड पान वाचले. अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत. अब्बा दोन वाजता गेले, मसूरची डाळ होती, पाठ दुखत होती म्हणून तेल चोळले. मजुरीचा आकडा तिने वाचला नाही. खाली तीन ओळी आईने सांगून लिहवून घेतलेल्या होत्या. त्याही तिने वाचल्या नाहीत.