माकडताप (क्यासनूर वनज्वर)

सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यातला, गोचिडी चावल्याने होणारा विषाणुजन्य ताप. याचा विषाणू डेंग्यू आणि पीतज्वराच्याच फ्लॅव्हिव्हायरस कुळातला आहे.

१९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पहिला संशय आला पीतज्वराचा. तो भारतात कधीच शिरला नसल्याने धास्ती मोठी होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, हा विषाणू वेगळा काढला, तेव्हा त्याचे जवळचे नाते सायबेरियातील ओम्स्क रक्तस्रावी तापाशी निघाले.

काळतोंडे वानर आणि लालतोंडे माकड या दोघांनाही हा रोग होतो व बहुधा जीवघेणा ठरतो. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो. त्याला चिकटलेल्या गोचिडींना तो मिळतो आणि माकड मेले की त्या अंगावरून गळून पालापाचोळ्यात पसरतात. तिथून सरपण गोळा करणारा, गुरे चारणारा, काजूच्या बागेत राबणारा माणूस त्यांच्या तावडीत सापडतो. खसखशीएवढी पिल्लावस्थेतली गोचीड चावल्याचे अनेकदा कळतही नाही. म्हणून माकडांना हाकलण्या-मारण्याने काही साधत नाही. तीही माणसाइतकीच या रोगाची बळी आहेत. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी कडक ताप, डोकेदुखी, असह्य अंगदुखी, लाल डोळे, उलट्या, काहींना रक्तस्राव. काही रुग्णांचा ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी उलटतो आणि तेव्हा मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३ ते ५. खास औषध नाही; वेळेवर रुग्णालय गाठणे आणि शरीरातले पाणी व रक्तदाब सांभाळणे, हाच उपचार.

अनेक दशके हा रोग कर्नाटकापुरता मानला गेला. पुढे तो केरळातील वायनाडमध्ये, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच असल्याने इथल्या बागायतदारांना व मजुरांना घरी बसून राहणे परवडत नाही. कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली. रोग ओळखून सहा दशके उलटली तरी जंगलकाठच्या गरिबांच्या हाती खात्रीची लस नसावी, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची मोठी उणीव आहे.

जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करून कपडे धुवावेत. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.