ब्यूटी डिश

ब्यूटी डिश हे व्यक्तिचित्रणात, विशेषतः चेहऱ्याच्या छायाचित्रणात, फ्लॅशच्या प्रकाशाला वळण देण्यासाठी वापरले जाणारे उथळ परातीच्या आकाराचे परावर्तक साधन होय. पसरट वाडगा आणि त्याच्या मध्यभागी फ्लॅशसमोर बसवलेली लहान तबकडी हे तिचे दोन मुख्य भाग आहेत. तिच्यातून मिळणारा प्रकाश उघड्या फ्लॅशच्या प्रकाशापेक्षा सौम्य, तर सॉफ्टबॉक्सच्या प्रकाशापेक्षा अधिक रेखीव असतो. या साधनाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. व्यवसायात ‘ब्यूटी डिश’ किंवा नुसते ‘डिश’ असेच म्हटले जाते.

मूलतः स्टुडिओतील मोठ्या फ्लॅशसाठी असलेले हे साधन आता बॅटरीवर चालणाऱ्या लहान फ्लॅशसोबत उघड्यावरही वापरले जाते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या, विवाहपूर्व छायाचित्रणासाठी जोडप्यांची वर्दळ असलेल्या परिसरात काम करणाऱ्या छायाचित्रकारांच्या दृष्टीने डिशची किंमत, वजन आणि वाऱ्यातील स्थैर्य हे तिच्या प्रकाशाइतकेच महत्त्वाचे मुद्दे ठरतात.

रचना

डिशचा वाडगा सहसा अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याचा असतो. त्याचा व्यास साधारणपणे ४० ते ७० सेंटिमीटर असून ४२ व ५५ सेंटिमीटरच्या डिश बाजारात सहज मिळतात. वाडग्याच्या तळाशी फ्लॅश बसवण्यासाठी गोल खोबण असते. मध्यभागातील तबकडी दोन किंवा तीन बारीक दांड्यांवर उभी असते. ती सपाट, बहिर्वक्र किंवा अंतर्वक्र असू शकते.

आतील पृष्ठभाग पांढरा किंवा चंदेरी असतो. पांढऱ्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरला जातो व त्वचेवरील झळाळी मर्यादित राहते. चंदेरी पृष्ठभागावरून अधिक प्रकाश मिळतो, पण घाम, तेलकटपणा आणि त्वचेचा खडबडीतपणाही अधिक उठून दिसतो.

डिशसोबत दोन पूरक वस्तू येतात. तोंडावर ताणून बसवायच्या पांढऱ्या कापडी आवरणाला ‘सॉक’ म्हणतात. त्याने प्रकाश आणखी मऊ होतो. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीला ‘ग्रिड’ म्हणतात; तिच्यामुळे प्रकाश आजूबाजूला न पसरता एका दिशेस मर्यादित राहतो. दोन्हींमुळे प्रकाशाची तीव्रता घटते.

कार्यतत्त्व

फ्लॅशचा प्रकाश थेट चेहऱ्यावर पडू नये म्हणून मधली तबकडी त्याला अडवते आणि मागे वाडग्याकडे परतवते. वाडगा तो प्रकाश पुढे फेकतो. अशा रीतीने लहान फ्लॅशच्या जागी संपूर्ण वाडग्याच्या व्यासाएवढा प्रकाशस्रोत तयार होतो. वाडग्याच्या कडांकडून येणारे किरण चेहऱ्यावर एकमेकांना छेदत असल्यामुळे सावल्यांच्या कडा विरघळतात, परंतु सावल्या नाहीशा होत नाहीत. गालाचे हाड, हनुवटी आणि नाकाचा उंचवटा स्पष्ट राहतो.

डिश बहुधा चेहऱ्यासमोर, डोळ्यांच्या पातळीहून वर, खाली झुकवून ठेवतात. या मांडणीत नाकाखाली फुलपाखरासारखी लहान सावली पडते. या पद्धतीस ‘बटरफ्लाय प्रकाशयोजना’ म्हणतात. हॉलिवूडमधील पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेच्या नावावरून तिला ‘पॅरामाउंट प्रकाशयोजना’ असेही नाव आहे. हनुवटीखालची सावली फार गडद झाल्यास छातीच्या पातळीवर पांढरे पुठ्ठे किंवा थर्माकोलचा तुकडा धरून ती उजळतात. डिश वापरल्याची खूण छायाचित्रातील डोळ्यांत दिसते: बुबुळावरील प्रतिबिंब गोल असून त्याच्या मध्यभागी काळसर ठिपका असतो.

अंतर आणि आकार

प्रकाश मऊ की कठोर हे साधनाच्या नावावरून नव्हे, तर चेहऱ्याच्या जागेवरून ते साधन किती मोठे दिसते यावरून ठरते. डिश तिच्या व्यासाच्या साधारण एक ते दोन पट अंतरावर ठेवल्यास तिचा विशिष्ट परिणाम मिळतो. ५५ सेंटिमीटरच्या डिशसाठी हे अंतर सुमारे ५५ ते ११० सेंटिमीटर होते. हीच डिश तीन मीटरवर नेल्यास ती लहान स्रोतासारखी वागते आणि तिचा प्रकाश जवळजवळ साध्या परावर्तकाच्या प्रकाशाइतका कठोर होतो. त्यामुळे महागडी डिश दूर ठेवण्यापेक्षा स्वस्त डिश योग्य अंतरावर ठेवणे अधिक फलदायी असते.

जवळच्या अंतराचा दुसरा परिणाम म्हणजे प्रकाश झपाट्याने घटतो. व्यस्त वर्गाच्या नियमानुसार, ढोबळमानाने, डिशपासून ६० सेंटिमीटरवर असलेल्या चेहऱ्याच्या तुलनेत ८५ सेंटिमीटरवरील भागास निम्मा, १२० सेंटिमीटरवरील भागास एक चतुर्थांश आणि २४० सेंटिमीटरवरील पार्श्वभूमीस एक सोळांश प्रकाश मिळतो. चेहरा उजळ आणि पार्श्वभूमी गडद हवी असल्यास हा गुण उपयोगी पडतो. मात्र नऊवारी नेसलेल्या वधूचे डोक्यापासून पायांपर्यंतचे छायाचित्र घ्यायचे असल्यास काठापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचत नाही.

लहान फ्लॅशसोबत वापर

स्टुडिओतील अनेक फ्लॅशची नळी उघडी असून तिचा प्रकाश सर्व बाजूंना पसरतो व वाडगा सहज भरतो. कॅमेऱ्यावर बसवण्याजोग्या स्पीडलाइटचा प्रकाश मात्र केवळ पुढच्या दिशेने जातो. त्यामुळे डिश तीच असली तरी दोन्ही फ्लॅशचे परिणाम वेगळे मिळू शकतात. स्पीडलाइटचा झूम फार अरुंद ठेवल्यास बहुतेक प्रकाश एकट्या तबकडीवर आदळतो. फार रुंद ठेवल्यास काही प्रकाश तबकडीच्या कडेने निसटून थेट चेहऱ्यावर पडतो.

योग्य झूम ठरवण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. फ्लॅश सर्वांत कमी शक्तीवर ठेवून आणि कॅमेऱ्याचे छिद्र लहान करून खुद्द डिशचेच समोरून छायाचित्र घेतात. वाडगा कडेपर्यंत सारखा उजळलेला दिसल्यास जोडणी योग्य समजावी. मध्यभागीच उजेडाचा डाग व कडा अंधारलेल्या दिसल्यास झूम किंवा फ्लॅशची वाडग्यातील खोली बदलावी. ४० ते ४५ सेंटिमीटरची डिश भरणे स्पीडलाइटला तुलनेने सोपे जाते.

फ्लॅशची शक्ती हाही कळीचा प्रश्न आहे. स्पीडलाइटची साठवण ऊर्जा साधारण ६० ते ८० ज्यूल असते, तर गोडॉक्स एडी२०० सारख्या बॅटरीवरील फ्लॅशची २०० ज्यूल. हा फरक सुमारे दीड स्टॉपचा आहे. आयएसओ १०० आणि शटर १/२०० सेकंद असताना भर उन्हासाठी सुमारे एफ/११ इतके छिद्र लागते. डिशमधून जाताना प्रकाशाची बरीच घट होत असल्याने भर दुपारी एकटा स्पीडलाइट उन्हाशी बरोबरी करताना पूर्ण शक्तीवर चालवावा लागतो आणि दोन उजेडांमध्ये थांबावे लागते. हायस्पीड सिंकमुळे शटरचा वेग वाढवता येतो, पण त्यात फ्लॅशची परिणामकारक शक्ती आणखी कमी होते.

अल्प खर्चातील निवड

डिश हा धातूचा वाडगा असल्याने तिच्यात बिघडण्याजोगे फारसे काही नसते. स्वस्त व महाग डिशमधील फरक प्रकाशापेक्षा घडणीत अधिक असतो. खरेदीपूर्वी पुढील बाबी पाहणे हिताचे असते.

१. खोबण: बोवेन्स पद्धतीची, म्हणजेच ‘एस माउंट’ खोबण सर्वाधिक प्रचलित आहे. १९२३ साली स्थापन झालेली बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी तिची खोबण अनेक उत्पादकांनी स्वीकारल्यामुळे टिकून आहे. प्रोफोटो व एलिंक्रोम यांच्या खोबणी वेगळ्या असतात. फ्लॅश बदलला तरी डिश कामी यावी यासाठी एस माउंट सोयीचा ठरतो.

२. ब्रॅकेट: स्पीडलाइट थेट खोबणीत बसत नाही, त्यासाठी एस प्रकारचे ब्रॅकेट लागते. डिशच्या किमतीत ते धरलेले नसल्यास एकूण खर्च वाढतो. डिशचा सगळा भार ब्रॅकेटच्या वळणाऱ्या सांध्यावर येत असल्याने तो सांधा प्लास्टिकचा आणि सैल असल्यास डिश हळूहळू खाली झुकते. काटकसर डिशमध्ये करावी, या सांध्यात करू नये.

३. तबकडी: ती नेमकी मध्यभागी आणि घट्ट असावी. काही हलक्या प्रतीच्या डिशमध्ये तबकडीचे स्क्रू वाहतुकीत सैल होतात व तबकडी तिरकी झाल्यास प्रकाश एका बाजूस झुकतो.

४. रंग: आतला पांढरा रंग पिवळसर असल्यास त्वचेचा वर्ण बदलतो. कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी धरून तो तपासता येतो.

५. सॉक आणि ग्रिड: ही दोन्ही डिशसोबतच घेणे श्रेयस्कर, व्यासात थोडा फरक असला तरी दुसऱ्या उत्पादकाची ग्रिड बसत नाही.

६. व्यास: एका व्यक्तीच्या चेहऱ्यासाठी स्पीडलाइटबरोबर ४२, अधिक शक्तीच्या फ्लॅशबरोबर ५५ सेंटिमीटर पुरते. जोडप्यासाठी ७० सेंटिमीटर किंवा मोठा सॉफ्टबॉक्स अधिक उपयुक्त असतो.

ज्याच्याकडे अद्याप स्वतंत्र स्टँड व ट्रिगर नाही, त्याने प्रथम त्या वस्तू आणि एक साधी पांढरी छत्री घेणे व्यवहार्य ठरते. छत्रीचा प्रकाश अधिक क्षमाशील असतो. डिशला चेहऱ्याचा कोन व अंतर काटेकोर सांभाळावे लागते.

घरगुती पर्याय

कुंडीखालची मोठी प्लास्टिकची ताटली, अ‍ॅल्युमिनिअमची परात किंवा उथळ घमेले यांपासून डिश तयार करता येते. तळाशी फ्लॅशच्या तोंडाएवढे छिद्र पाडतात, आतून पांढरा मॅट रंग देतात आणि समोर लहान बशी किंवा वाहनाचा बहिर्वक्र आरसा लांब स्क्रूंवर बसवतात. अशा डिशमधून मिळणारा प्रकाश पुष्कळदा समाधानकारक असतो. अडचण येते ती जोडणीची. फ्लॅशचे तोंड परातीचा भार पेलण्यासाठी बनवलेले नसते, म्हणून परातीला स्वतंत्र पट्टीने स्टँडचा आधार द्यावा लागतो. प्लास्टिक वापरल्यास सलग उडवलेल्या फ्लॅशच्या उष्णतेने ते वितळण्याचा धोका असतो.

मुळशी परिसरातील वापर

पुण्याच्या पश्चिमेस भूगाव, पिरंगुट व पौडमार्गे मुळशी धरण आणि पुढे ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता विवाहपूर्व छायाचित्रणासाठी लोकप्रिय आहे. मुळा नदीवरील या धरणाच्या जलाशयाकाठी मोकळ्यावर वारा असतो. वाऱ्याचा दाब साधनाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने डिश येथे सोयीची पडते: ५५ सेंटिमीटर व्यासाच्या डिशचे क्षेत्रफळ सुमारे ०.२४ चौरस मीटर असते, तर ८५ सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सचे सुमारे ०.५७ चौरस मीटर. तरीही स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवणे किंवा मदतनिसाने स्टँड धरणे आवश्यक असते. दुसरीकडे, धातूची डिश घडी होत नाही. दुचाकीवरून साहित्य नेणाऱ्यांना तिच्याऐवजी घडीची, कापडी आणि मध्ये तबकडी असलेली अष्टकोनी डिश सोयीची वाटते. मात्र वाऱ्यात ती फडफडते.

पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे प्रकाश सपाट असतो आणि छिद्र एफ/४ च्या आसपास येते. अशा वेळी लहान फ्लॅशही पुरतो आणि डिशच्या प्रकाशाने चेहऱ्याला आकार येतो. ताम्हिणी हे राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक आहे. फ्लॅशमधील संधारित्रात उच्च दाबाचा विद्युतभार असल्याने पावसात भिजलेला फ्लॅश चालू करणे धोक्याचे असते. प्लास्टिकचे आवरण घातल्यास ते फ्लॅशच्या तोंडाला चिकटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. सुधागड-ताम्हिणी वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत छायाचित्रणासाठी वनविभागाचे नियम लागू होतात.

मराठी विवाहवेषातील काही वस्तूंसाठी प्रकाशाची दिशा विशेष सांभाळावी लागते. नथीची सावली ओठांवर पडू नये म्हणून डिश फार वर नेत नाहीत. मुंडावळ्यांच्या सरांच्या बारीक रेघा गालांवर उमटतात. सॉक लावल्यास व डिश जवळ आणल्यास त्या फिकट होतात. मोत्यांवर डिशचे गोल प्रतिबिंब उमटून त्यांना उठाव येतो, जरीवर मात्र चंदेरी डिशमुळे पांढरे डाग पडू शकतात.

मर्यादा

ब्यूटी डिश समूहचित्रांसाठी उपयुक्त नाही. सुरकुत्या, व्रण आणि मुरुमांच्या खुणा ती लपवत नाही. वृद्ध व्यक्तींच्या चित्रणात हे इष्ट की अनिष्ट, हे चित्राच्या हेतूवर अवलंबून असते. चश्मा घातलेल्या व्यक्तीच्या काचांत तिचे वर्तुळ दिसते. डिश उंच करून किंवा चश्म्याच्या दांड्या किंचित वर उचलून ते टाळता येते. डिशच्या नावात सौंदर्य असले तरी ती स्वतः चेहरा सुंदर करत नाही; योग्य अंतर आणि कोन नसल्यास तिचा प्रकाश साध्या छत्रीच्या प्रकाशापेक्षाही प्रतिकूल ठरतो.

हे सुद्धा पहा

छायाचित्रण
व्यक्तिचित्र
मुळशी धरण
ताम्हिणी घाट